टर्मिनल एम्युलेटर आणि त्याच्या लायब्ररी: पॅकेजं किती करायची, कुठे फोडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी टर्मिनल एम्युलेटर किंवा त्याच्या आसपासची ओपन सोर्स अवजारं पॅकेज करायला बसलेल्यांसाठी हे पान आहे. पॅकेजिंगची तोंडओळख आहे, असं गृहीत धरलंय. घाईत असाल तर टर्मिन्फोचे प्रश्न आधी वाचा, सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथेच होते.

एका टर्मिनलमध्ये असं असतं तरी काय, की त्याचे तुकडे करावे लागतात?

बाहेरून पाहिलं तर एक खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर. आत मात्र बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना धरून बसलेल्या असतात. पहिला असतो एम्युलेशनचा गाभा. प्रोग्रामकडून येणारे बाइट वाचायचे, त्यातले एस्केप सीक्वेन्स ओळखायचे आणि पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीत आत्ता काय आहे याचा हिशेब ठेवायचा, हे त्याचं काम. १९७८ साली डेक कंपनीने आणलेल्या व्हीटी१०० या खऱ्याखुऱ्या यंत्राची आणि त्याच्या वंशजांची नक्कल करतो तो हा भाग. दुसरा भाग हा हिशेब खिडकीत रंगवतो. फॉन्ट, जीपीयू, जीटीके किंवा क्यूटी हे सगळं त्याच्याकडे. तिसरा भाग स्यूडो-टर्मिनल उघडून त्यात शेल सोडतो. चौथी टर्मिन्फोची नोंद, म्हणजे ‘मला काय काय जमतं’ हे इतर प्रोग्रामांना सांगणारी छोटीशी फाइल. पाचव्या शेल इंटिग्रेशनच्या स्क्रिप्ट. शिवाय मदतनीस कमांड, थीम, मॅन पेज आहेतच.

यातल्या प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं आहे. खिडकी डेस्कटॉपवाल्याला हवी. टर्मिन्फो सर्व्हरवाल्यालाही हवी, आणि त्याच्या मशीनवर खिडकी नावाचा प्रकारच नाही. गाभा एखाद्या एडिटरच्या लेखकाला हवा, कारण त्याला एडिटरच्या आत टर्मिनल उघडायचंय. खालची जवळपास सगळी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

अपस्ट्रीमने सगळं एकाच रेपोत ठेवलंय. मग पॅकेजही एकच का नको?

सोर्स पॅकेज एकच ठेवा, तिथे वाद नाही. रेपो ही अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या, कामाची सोय आहे. बायनरी पॅकेज ही वापरणाऱ्याची सोय असते, आणि या दोन्हींच्या सीमा जुळल्याच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. एका सोर्समधून दहा बायनरी पॅकेजं निघाली तरी बिल्ड एकदाच होतो आणि आवृत्ती एकच राहते.

उलट गोष्टही घडते. फूट या वेलँडवरच्या टर्मिनलच्या लेखकाने फॉन्ट रंगवणारी एफसीएफटी आणि यादी सांभाळणारी टीएललिस्ट या दोन लायब्ररी वेगळ्या रेपोत ठेवल्या. बिल्ड करताना त्या उपप्रकल्प म्हणून आत ओढता येतात किंवा सिस्टिमवरच्या वापरता येतात. इथे दुसरा पर्याय घ्यावा. लेखकाने स्वतःच सीमा आखून दिली असताना पॅकेजरने ती पुसू नये.

मग फोडायचं की नाही, हे ठरवायची एखादी कसोटी आहे का?

मी एकच प्रश्न विचारतो: हा तुकडा बाकीच्यांशिवाय कोणाला हवा असेल का? डोळ्यांसमोर खरा माणूस किंवा खरं दुसरं पॅकेज येत असेल तर फोडा. ‘कदाचित कोणालातरी कधीतरी’ असं उत्तर आलं तर थांबा.

या कसोटीवर थीम बहुतेक वेळा नापास होतात. त्या काही किलोबाइटच्या असतात आणि त्या टर्मिनलशिवाय निरुपयोगी. एचटीएमएलमधलं जाडजूड डॉक्युमेंटेशन पास होतं, पण हवं म्हणून नाही, नको म्हणून: टर्मिनल हवं, पण इतकी पानं नकोत असे लोक भरपूर असतात. टर्मिन्फो पहिल्या फटक्यात पास होते.

प्रत्येक नव्या पॅकेजची किंमत असते, हे मात्र विसरू नका. इंडेक्समध्ये एक नोंद वाढते, शोधणाऱ्याला यादीत आणखी एक ओळ दिसते आणि तुमच्या डोक्यावर आणखी एक अवलंबित्व सांभाळायचं ओझं येतं. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी एका टर्मिनलची नऊ पॅकेजं करणारे मेंटेनर मी पाहिलेत. त्यात काही दिवस मीही होतो.

टर्मिन्फोची फाइल जेमतेम काही किलोबाइटची असते. तिच्यासाठी वेगळं पॅकेज म्हणजे अतीच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

समजा तुम्ही किटी हे टर्मिनल वापरता. किटी आत चालणाऱ्या शेलला टर्म या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून ‘एक्सटर्म-किटी’ हे नाव कळवते. तिथून तुम्ही एसएसएचने दुसऱ्या मशीनवर गेलात की हे नावही सोबत जातं. पलीकडचा प्रोग्राम, मग तो व्हिम असो, लेस असो वा एचटॉप, हे नाव घेऊन आपल्या मशीनवरच्या टर्मिन्फोत शोधायला जातो. तिथे नोंद नसेल तर काही प्रोग्राम ‘हे टर्मिनल मला माहीत नाही’ म्हणून सुरूच होत नाहीत, काही रडतखडत चालतात, आणि कुठे बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर पुसण्याऐवजी जागा पुढे सरकते. दोष दिसतो टर्मिनलचा. कमी असते ती पलीकडची एक फाइल.

आता ती नोंद सर्व्हरवर कशी पोचवायची? किटीच्या मुख्य पॅकेजमध्येच असेल तर सर्व्हरच्या ॲडमिनला संपूर्ण किटी बसवावी लागेल. सोबत ओपनजीएल, पायथन, फॉन्टच्या लायब्ररी येणार, तेही जिथे मॉनिटर जोडलेला नाही अशा मशीनवर. कुठलाही शहाणा ॲडमिन हे करणार नाही. तो टर्मची किंमत बदलून ‘एक्सटर्म-२५६कलर’ करेल आणि निम्म्या सोयी गमावून गप्प बसेल.

वेगवेगळ्या स्वभावाची डिस्ट्रिब्युशनं इथे एकाच ठिकाणी येऊन पोचली आहेत. डेबियनमध्ये किटी-टर्मिन्फो वेगळं आहे. फेडोरात आहे. निक्समध्ये टर्मिन्फो हे किटीचं स्वतंत्र आउटपुट आहे, आणि मिळतील त्या सगळ्या टर्मिनलांच्या नोंदी एकदम बसवणारा पर्यायही निक्सओएसमध्ये दिलाय. आर्चचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. आर्च हेडर फाइलसुद्धा वेगळ्या करत नाही, फोडाफोडीचा तिथे मनापासून कंटाळा. तरीही आर्चमध्ये किटी-टर्मिन्फो वेगळं मिळतं.

हे पॅकेज करताना तीन गोष्टी पाहा. ते कुठल्याही आर्किटेक्चरला चालणारं म्हणून जाहीर करा, कारण संकलित टर्मिन्फो सीपीयूवर अवलंबून नसते. त्याचं अवलंबित्व शून्याच्या जवळ ठेवा. टर्मिन्फो पॅकेजने टर्मिनल ओढून आणलं तर मग फोडलं कशाला? आणि मुख्य पॅकेजला मात्र टर्मिन्फो सक्तीची करा. स्वतःच्याच मशीनवर स्वतःचं नाव ओळखता न येणारं टर्मिनल देऊ नका.

माझ्या टर्मिनलची नोंद एनकर्सेसमध्ये आधीच आहे. आता अपस्ट्रीमची द्यायची की एनकर्सेसची?

इथे पाय घसरतो. एनकर्सेस ही टर्मिनलच्या पडद्यावर मजकूर मांडणारी लायब्ररी. तिच्या सोर्ससोबत टर्मिन्फोचा मोठा संग्रह येतो आणि थॉमस डिकी तो सांभाळतात. डेबियनमध्ये त्यातल्या अगदी नेहमीच्या नोंदी एनकर्सेस-बेसमध्ये असतात आणि बाकीचा डोंगर एनकर्सेस-टर्ममध्ये. नवं टर्मिनल लोकप्रिय झालं की त्याची नोंद कधीतरी या संग्रहात येते, आणि ती आली की तुमच्या पॅकेजमधली फाइल आणि एनकर्सेसमधली फाइल एकाच मार्गावर आदळतात. पॅकेज मॅनेजर म्हणतो, ही फाइल दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची आहे, आणि अपग्रेड अर्ध्यावर थांबतो.

फूटचं उदाहरण यात सगळ्यात शिकवणारं आहे. २०२१ च्या जुलैअखेरीपासून एनकर्सेसमध्ये फूटची नोंद आहे. पण फूटच्या लेखकाची स्वतःची नोंद त्याहून भरलेली आहे. तिच्यात काही अप्रमाणित क्षमता आहेत आणि त्यांचा उपयोग मुख्यतः टीमक्ससारख्या, एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामांना होतो. अपस्ट्रीमचा सल्ला असा: एनकर्सेस पुरेशी नवी असेल तर तिचीच नोंद वापरा. तरीही आपली हवीच असेल तर वेगळ्या जागी ठेवा किंवा वेगळ्या नावाने बसवा. दोन्हींत खोट आहे, हेही ते प्रामाणिकपणे सांगतात. वेगळ्या जागी ठेवली तर तो मार्ग एका व्हेरिएबलमधून सांगावा लागतो, आणि सुडो किंवा एसएसएचच्या पलीकडे ते व्हेरिएबल पोचेलच असं नाही. वेगळं नाव दिलं तर दूरच्या मशीनला ते नाव माहीतच नसणार.

माझं मत: एका नावाची मालकी एकाच पॅकेजकडे ठेवा आणि कोणाकडे ते एनकर्सेसच्या मेंटेनरशी बोलून ठरवा. एनकर्सेसने ती नोंद गाळावी किंवा तुम्ही गाळावी, दोन्ही चालतं. तुम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता ती दिली, की त्रास वापरणाऱ्याला.

सरळ ‘एक्सटर्म-२५६कलर’ हे नाव सांगून मोकळं झालं तर?

बरीच टर्मिनलं तेच करतात, व्हीटीई या नोमच्या टर्मिनल लायब्ररीवरची तर सर्रास. नोंद सगळीकडे असते, त्यामुळे पॅकेजरचं काम सोपं. तोटा असा की तुमचं टर्मिनल एक्सटर्म नाही, आणि जिथे फरक आहे तिथे प्रोग्राम चुकीचं गृहीत धरतो. हा निर्णय मात्र अपस्ट्रीमचा आहे. पॅकेजरने गुपचूप पॅच लावून नाव बदलू नये; बग नोंदवणाऱ्याला आणि अपस्ट्रीमला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसायला लागतात.

संकलित नोंद द्यायची की तिचा मूळ मजकूर?

संकलित. नोंद संकलित करणारी टिक ही कमांड पॅकेज बिल्ड होतानाच चालवा, वापरणाऱ्याच्या मशीनवर नको. एक अट: एनकर्सेस ६.१ पासून, म्हणजे २०१८ पासून, मोठ्या आकड्यांसाठी ३२ बिटांचं नवं स्वरूप आलं. त्याआधीच्या लायब्ररीला ते वाचता येत नाही. जुन्या सिस्टिमलाही पॅकेज द्यायचं असेल तर हे तपासून पाहा. मॅकवर आणखी एक गंमत आहे. तिथे उपडिरेक्टरीचं नाव पहिल्या अक्षराऐवजी त्या अक्षराचा हेक्साडेसिमल कोड असतं. त्यामुळे लिनक्सवरची डिरेक्टरी जशीच्या तशी तिकडे उचलून ठेवली तर काहीच सापडत नाही.

एम्युलेशनचा गाभा लायब्ररी म्हणून वेगळा कधी काढायचा?

अपस्ट्रीमने ‘ही लायब्ररी आहे, हा तिचा एपीआय, आणि तो मोडला तर सोनेम (लायब्ररीच्या नावातला आवृत्ती क्रमांक) बदलू’ असं वचन दिलं असेल तेव्हा. बिल्डमध्ये एखादी शेअर्ड फाइल तयार होते, एवढं कारण पुरेसं नाही.

व्हीटीई हे वचन पाळण्याचं चांगलं उदाहरण. नोम टर्मिनल, एक्सएफसीई टर्मिनल, टर्मिनेटर, टिलिक्स, ग्वाके हे सगळे बाहेरून वेगळे दिसले तरी आत व्हीटीईच. एपीआयची पिढी लायब्ररीच्या नावातच असते. २.९० नंतर २०१४ मध्ये २.९१ आली, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी बसवता येत होत्या आणि टर्मिनलांचे लेखक आपापल्या गतीने पुढे सरकले. नाव बदललं नसतं तर सगळ्यांना एकाच रात्री उडी मारावी लागली असती.

एकत्र असण्याचा फायदा सुरक्षेत दिसतो. सीव्हीई-२०२४-३७५३५ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षेची चूक व्हीटीईत होती: खिडकीचा आकार बदलणारा एस्केप सीक्वेन्स पाठवून मेमरी खाऊन टाकता येत होती. ०.७६.३ मध्ये ती दुरुस्त झाली. डिस्ट्रिब्युशनने एक लायब्ररी बदलली आणि तिच्यावरची सगळी टर्मिनलं एका झटक्यात सुधारली.

लायब्ररी आहे, पण एपीआय दर आवृत्तीत हलतोय, असं असेल तर ती मुख्य पॅकेजच्या खासगी डिरेक्टरीत ठेवा आणि हेडर देऊच नका. हेडर दिले की कोणीतरी वापरतं, आणि वापरलं की ते मोडल्याचं पाप तुमच्या माथी.

लिबटिनफो आणि लिबएनकर्सेस वेगळ्या का? दोन्ही एकाच सोर्समधून येतात ना?

येतात. पण बॅशला पडद्यावर खिडक्या काढायच्या नसतात. कर्सर कसा हलवायचा एवढं टर्मिन्फोतून वाचलं की त्याचं काम भागतं. एनकर्सेस बिल्ड करताना हा खालचा थर वेगळा काढायची सोय आहे. डेबियन आणि फेडोरा दोघांनी ती वापरली. जवळपास प्रत्येक मशीनवर असणाऱ्या शेलला आता अख्खी कर्सेस लागत नाही. मघाची कसोटी इथे लायब्ररीच्या पातळीवर लागू पडते: खालचा थर वरच्याशिवाय कोणाला हवाय? शेलला. झालं.

लायब्ररीच्या पॅकेजमध्ये नेमकं काय ठेवायचं?

शेअर्ड लायब्ररी, आणि शक्यतो तेवढंच. सोनेम बदलल्यावर जुनी आणि नवी लायब्ररी एकत्र नांदली पाहिजे. त्या पॅकेजमध्ये नाव न बदलणारी एखादी फाइल शिरली की दोन्ही एकत्र बसत नाहीत. डेबियन पॉलिसीत म्हणूनच अशा फाइल लायब्ररीच्या पॅकेजमध्ये ठेवायला साफ मनाई आहे. भाषांतरं, प्रोफाइल स्क्रिप्ट वगैरे ‘कॉमन’ पॅकेजमध्ये, हेडर ‘डेव्ह’मध्ये, इंट्रोस्पेक्शनची फाइल तिच्या वेगळ्या पॅकेजमध्ये.

व्हीटीईला आणखी एक फाटा आहे. एकाच सोर्समधून जीटीके ३ आणि जीटीके ४ अशा दोन लायब्ररी निघतात, आणि एका प्रोसेसमध्ये त्या दोघी कधीच एकत्र नांदू शकत नाहीत. त्या वेगळ्याच ठेवा. फेडोरात व्हीटीई२९१ आणि व्हीटीई२९१-जीटीके४ अशी नावं आहेत, आणि दोघींना लागणारी शेल स्क्रिप्ट व्हीटीई-प्रोफाइल या तिसऱ्या पॅकेजमध्ये.

अपस्ट्रीमने दुसऱ्या लायब्ररीची प्रत स्वतःच्या सोर्समध्ये कोंबलीय. ती काढून सिस्टिमची लावू का?

लावता येत असेल तर लावा. लिबव्हीटर्मचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाभ्यापुरती, खिडकीशिवायची, छोटी सी लायब्ररी. व्हिमने तिची प्रत आपल्या सोर्समध्ये ठेवली. इमॅक्सचं एक लोकप्रिय टर्मिनल मॉड्यूलही तिच्यावरच चालतं. २०१८ च्या क्रमांकाची एक सीव्हीई आली, मेमरी संपल्यावर कोसळण्याची, आणि तिच्या वर्णनातच ‘व्हिम आणि इतर उत्पादनांत वापरलेली’ असे शब्द आहेत. व्हीटीईच्या वेळी एक पॅकेज बदलून भागलं होतं. इथे कोणाकोणाच्या पोटात प्रत आहे हे आधी शोधावं लागतं.

पण हट्ट नको. कोंबलेली प्रत पुष्कळदा मूळ प्रत राहिलेली नसते, तिच्यात त्या प्रकल्पाचे स्वतःचे बदल असतात. ती काढून मूळ लायब्ररी लावली तर असे बग येतात की अपस्ट्रीम हात वर करतं, आणि त्यांचंही खरंच असतं. अशा वेळी प्रत राहू द्या, पण नोंद ठेवा. फेडोरात त्यासाठी ‘बंडल्ड’ अशी प्रोव्हाइड्सची ओळ लिहायची पद्धत आहे. पुढची सीव्हीई आली की शोधणाऱ्याला तुमचं पॅकेज सापडलं पाहिजे, एवढाच तिचा उद्देश.

रस्ट, गो किंवा झिगमधल्या टर्मिनलांचं काय? तिथे तर सगळं एका बायनरीत मुरतं.

तिथे लायब्ररीचे तुकडे वापरणाऱ्याला दिसत नाहीत, पण असतात. ॲलॅक्रिटीचा गाभा ‘ॲलॅक्रिटी_टर्मिनल’ नावाचं वेगळं क्रेट, म्हणजे रस्टचं पॅकेज, आहे आणि झेड एडिटरने आपल्या टर्मिनलसाठी तेच घेतलं. वेझटर्मच्या रेपोतून टर्मविझ आणि पोर्टेबल-पीटीवाय ही क्रेटं बाहेर पडली. डेबियन अशा क्रेटांची सोर्स असलेली ‘डेव्ह’ पॅकेजं करतं. अंतिम बायनरीत ती स्थिर जोडली जातात आणि कशाकशापासून बिल्ड झाली ती यादी पॅकेजच्या मेटाडेटात राहते. क्रेटमध्ये चूक सापडली तर ती यादी पाहून सगळे अवलंबून असलेले प्रोग्राम पुन्हा बिल्ड करायचे. लायब्ररी बदलून भागत नाही.

त्यामुळे या भाषांत वापरणाऱ्यासाठी फोडण्याजोगं उरतं ते टर्मिन्फो, शेल इंटिग्रेशन आणि डॉक्युमेंटेशन. किटीचा ‘किटन’ हा मदतनीस त्यातला मजेदार अपवाद. तो गोमधला स्वतंत्र बायनरी आहे, खिडकीशिवाय दूरच्या मशीनवरही उपयोगी पडतो, म्हणजे कसोटी पास. निक्सने तो वेगळा काढलाय.

नावं कशी ठेवावीत?

जपून. या क्षेत्रात नावांचा सुकाळ नाही. नोमची व्हीटीई ही सी++ मधली लायब्ररी. ॲलॅक्रिटीवाल्यांचं व्हीटीई हे रस्टमधलं पार्सर क्रेट. दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. लिबव्हीटर्म या नावानेही दोन निरनिराळे प्रकल्प आहेत. पॅकेजच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत कोणती ते लिहा.

दोन अक्षरी नाव असेल तर अपस्ट्रीमचा मान राखूनही ते लांबवा. सकलेसच्या ‘एसटी’ला डेबियनने ‘एसटीटर्म’ केलं, ते बरंच झालं. टर्मिन्फो पॅकेजसाठी ‘टर्मिनलचं नाव-टर्मिन्फो’ हा साचा रूढ आहे, तोच पाळा. इथे कल्पकता दाखवून कोणाचंच भलं होत नाही.

शेल इंटिग्रेशनच्या स्क्रिप्ट कुठे जातात?

त्या दोन प्रकारच्या असतात. काही लॉगिन शेलच्या प्रोफाइल डिरेक्टरीत बसतात आणि मशीनवरच्या प्रत्येकाच्या शेलला लागू होतात, व्हीटीईची स्क्रिप्ट अशी आहे. चालू डिरेक्टरी टर्मिनलला कळवायची, म्हणजे नवा टॅब त्याच जागी उघडतो. दुसऱ्या प्रकारच्या स्क्रिप्ट टर्मिनल स्वतः आपल्या शेलमध्ये घुसवतं, बाकी कोणाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

पहिल्या प्रकारच्या बाबतीत मी कडक आहे. त्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये शेल चालू असताना त्या काहीही करत नाहीत याची खात्री करा. एक पॅकेज बसवलं म्हणून मशीनवरच्या सगळ्यांचं प्रॉम्प्ट बदलणं हा आगाऊपणा झाला. दुसऱ्या प्रकारच्या स्क्रिप्टसाठी आर्च आणि डेबियन किटी-शेल-इंटिग्रेशन असं पॅकेज देतात, दूरच्या मशीनवर बसवता यावं म्हणून.

‘डीफॉल्ट टर्मिनल’ म्हणून नोंदवायचं तर काय लागतं?

डेबियनमध्ये एक्स-टर्मिनल-एम्युलेटर हे आभासी नाव आहे. ते पुरवायचं तर व्हीटी१०० ची नक्कल जमली पाहिजे आणि ‘-ई’ व ‘-टी’ हे दोन पर्याय पॉलिसीत लिहिल्याप्रमाणे चालले पाहिजेत. मेख ‘-ई’मध्ये आहे. त्याच्यामागे येणारे सगळे शब्द कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट म्हणून घ्यायचे असतात. नोम टर्मिनल मात्र तिथे एकच स्ट्रिंग घेत असे. म्हणून त्या पॅकेजसोबत एक छोटी रॅपर स्क्रिप्ट येते आणि पर्याय म्हणून तिची नोंद होते. तुमचं टर्मिनल वेगळं वागत असेल तर असाच रॅपर लिहा, अपस्ट्रीमचा पर्याय पॅच करून बदलू नका.

यूटीएमपीमध्ये, म्हणजे कोण लॉगिन आहे त्याच्या यादीत, नोंद करायला जादा परवानगी लागते. ती टर्मिनललाच द्यायची?

नाही. लिबयूटेम्पटर याच कामासाठी आहे: परवानगी त्या चिमुकल्या मदतनीसाकडे राहते आणि एक्सटर्मसारखा मोठा प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या हक्कांवर चालतो.

लायसन्समुळे फोडावं लागतं का?

क्वचित. पण लिहिताना तुकड्यागणिक पाहा. लिबव्हीटर्म आणि फूट एमआयटीखाली आहेत, ॲलॅक्रिटी अपाचे २.० खाली, किटी जीपीएल ३ खाली. कॉन्सोलमधून निघालेली क्यूटर्मविजेट ही लायब्ररी जीपीएल आहे, एलजीपीएल नाही. ‘लायब्ररी आहे म्हणजे एलजीपीएलच असणार’ असं समजून तिच्यावर बंद सोर्सचं काही उभारणारा कधीतरी भेटतोच. वर्णनात ठळक लिहिलं तर त्याचाही वेळ वाचेल.

एक पॅकेज आधीच बाहेर गेलंय. आता फोडायचं तर?

फोडता येतं, पण स्थलांतराचे कागद नीट भरावे लागतात. फाइल जुन्या पॅकेजमधून नव्यात गेली की डेबियनमध्ये नव्या पॅकेजला ‘ब्रेक्स’ आणि ‘रिप्लेसेस’ या दोन्ही ओळी लागतात, त्याही जुन्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्तीपर्यंत. मी एकदा ‘रिप्लेसेस’ लिहिली आणि ‘ब्रेक्स’ विसरलो. माझ्या मशीनवर अपग्रेड सुरळीत झाला, कारण तिथे दोन्ही पॅकेजं एकदमच बदलली. ज्यांनी फक्त टर्मिन्फोचं पॅकेज आधी बसवलं आणि मग काढून टाकलं, त्यांच्याकडे नोंद दोन्हीकडून गेली. जुन्या पॅकेजने ती फाइल परत मागितलीच नाही. तेव्हापासून मी अपग्रेड एकाच क्रमाने तपासत नाही: फक्त नवं बसवून पाहतो, फक्त जुनं वाढवून पाहतो, बसवून काढून पाहतो.

एकत्र करणं त्याहून सोपं असतं. जुन्या नावाचं रिकामं पॅकेज एक स्थिर आवृत्ती जाईपर्यंत ठेवायचं, मग काढायचं.

फ्लॅटपॅक किंवा ॲपइमेजमध्ये दिलं तर ही सगळी कटकट संपते ना?

लायब्ररीची संपते. टर्मिन्फोची वाढते. फ्लॅटपॅकमध्ये टर्मिनल सँडबॉक्सच्या आत आणि शेल बाहेर, यजमान सिस्टिमवर. सँडबॉक्समध्ये बंद असलेली नोंद त्या शेलला दिसत नाही. म्हणजे स्वतःच्याच मशीनवर एसएसएचसारखी अवस्था. सगळीकडे सापडणारं नाव सांगायचं, नाहीतर यजमानावर टर्मिन्फोचं पॅकेज वेगळं बसवायला सांगायचं. ते वेगळं केलेलं असलं, तरच सांगता येतं.

फोडाफोडी बरोबर झाली का, हे कसं तपासायचं?

रिकाम्या कंटेनरमध्ये फक्त टर्मिन्फोचं पॅकेज बसवा. त्यासोबत ग्राफिक्सची एखादी लायब्ररी आली तर कुठेतरी चूक आहे. मग टर्ममध्ये तुमचं नाव घालून इन्फोकंप चालवा. नोंद छापली गेली पाहिजे. दुसऱ्या कंटेनरमध्ये फक्त ‘डेव्ह’ पॅकेज बसवून दहा ओळींचा प्रोग्राम कंपाइल करा, हेडरमधली सुटलेली अवलंबित्वं इथे पकडली जातात. तिसऱ्यात पूर्ण टर्मिनल बसवून व्हीटीटेस्ट चालवा. व्हीटीटेस्ट एम्युलेशन तपासते, पॅकेजिंग नव्हे. पण डिस्ट्रिब्युशनने लावलेल्या एखाद्या पॅचने गाभा बिघडवला असेल तर ते तिथे दिसतं.

देवनागरीतला एखादा परिच्छेदही टाकून पाहा. वेलांट्या, उकार, जोडाक्षरं किती चौकटी घेतात याबद्दल टर्मिनल आणि आतला प्रोग्राम यांचं एकमत नसेल तर कर्सर भलतीकडे जातो. कित्येकदा कारण इतकंच असतं की दोघांकडे रुंदीचे वेगवेगळ्या युनिकोड आवृत्तीचे तक्ते आहेत, आणि त्यातला एक कोणाच्या तरी सोर्समध्ये कोंबलेल्या जुन्या प्रतीतून आलेला असतो.